अहो, खिसा दाखवा!

धाकट्या भावाच्या घरी जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी अक्का नटी झाली. त्याआधी तिला कुणी नटी म्हटलं असतं तर तिनं त्याच्यावर कात्रीच उगारली असती. ती शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करायची, विजारींना खिसे लावायची आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं रे उतरलं की त्याची हुबेहूब नक्कल करून दुकान हसवायची. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मापं घेता घेता त्याला नाटकं सुचायची. ती तो लिहूनही काढायचा, पण बसवायला कुणी तयार नव्हतं.

एकदा फरशी कारखान्याचा मॅनेजर गणवेश शिवायला टाकायला आला. अक्कानं नेमकी त्याचीच नक्कल चालवली होती. तो दारात उभा राहून बघत होता, हे तिला मास्तरचा पडलेला चेहरा बघून कळलं. पण मॅनेजर पोट धरून हसला.

"अक्का, तुम्ही इथं बटणं काय लावत बसलाय?" तो म्हणाला. "मास्तर, आमचे मालक म्हणतात, लोकांच्या तब्येतीसाठी काहीतरी करा. वस्तीत खोकला फार झालाय. तंबाखूवर एक झकास नाटक लिहा. पडदा, भोंगा, टेम्पो, सगळं आमच्याकडून."

मास्तरला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं लगोलग नाटक लिहिलं. गोष्ट साधीच होती. नवरा खोकतोय, बायको झालेली अक्का हैराण आहे. ती कमरेवर हात ठेवते आणि सगळा चौक दणाणेल अशा आवाजात म्हणते, "अहो, खिसा दाखवा!" नवरा एक खिसा उलटा करून दाखवतो, रिकामा. दुसरा दाखवतो, तोही रिकामा. मग बायको त्याची टोपी काढते, तर आत सिगारेट. बूट काढते, तर बुटात सिगारेट. शेवटी ती त्याच्या विजारीची दुमड उसवते आणि थोटकांचा पाऊस पडतो. मग मास्तर पांढरा कोट घालून डॉक्टर होऊन यायचा आणि लोकांना विचारायचा, "खोकला कुठून येतो?" लोक ओरडायचे, "खिशातून!"

मागच्या पडद्यावर कारखान्याचं नाव होतं, माणसाएवढ्या अक्षरांत. खाली लिहिलेलं, 'आपलं आरोग्य, आमची काळजी'. अक्काला त्या पडद्याचा अभिमान वाटायचा. ती शेजारणींना सांगायची, "पैसेवाले पुष्कळ असतात गं, पण दुसऱ्याच्या छातीची काळजी कोण करतं? मोठ्या मनाचा माणूस म्हणायचा."

नाटक गाजलं. आणि नाटकापेक्षा ते वाक्य गाजलं. नळावर, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी कुणी खोकला की दुसरा हटकून म्हणायचा, "अहो, खिसा दाखवा!" बायका खरोखर नवऱ्यांचे खिसे तपासायला लागल्या. काहींनी सिगारेट सोडलीही. कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्यानं तर अक्काशी बोलणंच टाकलं. ती म्हणायची, "त्याचा धंदा बसला म्हणजे माझं काम झालं." यात खोटं काही नव्हतं.

धाकटा त्याच फरशी कारखान्यात दगड कापायच्या चकतीवर होता. त्यालाही खोकला लागला. गल्लीतली पोरं त्याला बघून ओरडायची, तेव्हा तो आधी हसून खिसे उलटे करून दाखवायचा. मग हळूहळू त्यानं हसणं सोडलं आणि मागच्या वाटेनं घरी यायला लागला.

अक्कानं एक दिवस त्याला जेवताना धरलं. "खरं सांग. कधीपासून ओढतोयस?"

"मी ओढत नाही गं, अक्का."

"मग हा खोकला काय आभाळातून पडला?"

"शेडमध्ये सगळेच खोकतात."

"सगळेच ओढतात, म्हणून खोकतात."

भावजय ताटात वाढता वाढता थांबली. हळूच म्हणाली, "वन्सं, मी रोज यांचे कपडे धुते. वास कधी आला नाही."

"अगं, वास घालवायच्या शंभर युक्त्या असतात. सगळ्या मीच करून दाखवते ना लोकांना!" अक्का म्हणाली. "तू भोळी आहेस."

धाकट्यानं मान खाली घालून जेवण संपवलं. भांडायचा त्याचा स्वभाव नव्हता. लहानपणीही अक्कानं काही फोडलं की मार तोच खायचा.

मग मॅनेजरनं कारखान्याच्या अंगणातच प्रयोग ठेवला, पाळी सुटायच्या वेळेला. म्हणाला, "ह्या खेपेला नवरा म्हणून कामगारांतलाच एखादा वर बोलवा. लोकांना आपला माणूस दिसला की मजा येते." अक्का ऐन रंगात होती. तिनं गर्दीवरून नजर फिरवली आणि तिला मागं खांबाला टेकून उभा असलेला धाकटा दिसला. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं भुकटीनं पांढरं झालेलं. ऐन तिशीत म्हातारा झाल्यासारखा.

"ए धाकट्या! ये की वर! बहिणीला घाबरतोस का?"

लोकांनी त्याला ढकलत ढकलत पुढं आणलं. तो वर चढला आणि अवघडून हसला.

"खिसा दाखव!" अक्का गरजली.

त्यानं खिसा उलटा केला. आतून पांढरी भुकटी पडली. थोडी लाकडी फळ्यांवर सांडली आणि उरलेली दिव्याच्या झोतात तरंगत राहिली. अंगण एकदम गप्प झालं. मागं कुणीतरी खोकलं, मग आणखी कुणीतरी.

तो खिसा अक्कानंच शिवलेला होता, दुहेरी शिवण घालून. त्यातून काय पडलं ते तिला दिसलं होतं. समोर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या खिशात तेच आहे, हेही तिला त्या क्षणी कळलं होतं. पण लोक गप्प झाले की तिला राहवायचं नाही. तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! सिगारेट संपली तरी याची राख खिशातच!"

असा हशा पिकला की शेडचा पत्रा हलला. धाकटाही हसला आणि हसता हसता त्याला ढास लागली. लोकांना वाटलं, तोही बहिणीसारखा नकलाकार आहे. टाळ्या, शिट्ट्या. तो गुडघ्यांवर हात टेकून खोकत राहिला आणि ढास थांबल्यावर कुणाकडे न बघता खाली उतरला. मॅनेजरनं अक्काची पाठ थोपटली. "राखेचं वाक्य फर्मास. कायमचं घाला."

तिनं ते कायमचं घातलं.

पुढं धाकट्याला जिना चढवेना. मग मुलींना उचलून घेववेना. अक्का त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. काळ्यावर पांढरे ठिपके होते, कुणी मूठभर पीठ उधळावं तसे.

"काम काय करता?"

"दगड कापतो."

"पाणी सोडून कापता की कोरडा?"

"कोरडाच. पाणी सोडलं की चिखल होतो, काम मागं पडतं. मुकादम ओरडतो."

"हा दगड आहे," बाई म्हणाल्या. "भुकटी आत जाऊन बसलीय. ती आता निघणार नाही. पण त्या कामावरून तुम्हाला आजच काढायला हवं, आणि मोठ्या इस्पितळात उपचार व्हायला हवेत. दुखणं कामामुळं झालंय असं ठरलं, तर त्याचा खर्च कारखान्याला करावा लागेल. तंबाखू? सिगारेट?"

धाकट्यानं बाईंकडे बघितलं नाही. त्यानं बहिणीकडे बघितलं आणि म्हणाला, "अक्का सांगेल."

त्यात टोमणा नव्हता. गेल्या काही वर्षांत त्याच्या खिशाबद्दल त्याचं कुणी ऐकलं नव्हतं, तिचं सगळे ऐकत होते, एवढंच. "नाही ओढत," अक्का म्हणाली. आपल्याच भावाबद्दल एवढं साधं खरं ती पहिल्यांदाच बोलत होती.

तिथून ती तडक दुकानात गेली. मास्तर बाही जोडत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाला, "अक्का, मी पहिल्या लिहिण्यात एक वाक्य घातलं होतं. शेडमध्ये काम करताना तोंडाला ओला रुमाल बांधा म्हणून. आठवतं? मॅनेजर म्हणाला, लांबण नको."

"आणि तुम्ही काढलंत?"

"तूच म्हणालीस, बरं झालं काढलं. त्या वाक्यापाशी हशा थंड होतो."

तिला आठवलं. अगदी असंच म्हणाली होती ती.

मॅनेजरकडेही ती गेली. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. "अक्का, मला एवढंच सांगा," तो म्हणाला, "नाटकात खोटं काय होतं? तंबाखू चांगली असते का?"

"नाही."

"आम्ही कुठं लपूनछपून काही केलं का? मालकांचं नाव केवढ्या अक्षरांत होतं! तुम्हीच त्याच्यापुढं उभ्या राहायच्या."

भल्याभल्यांची बोलती बंद करणारी अक्का पाण्याचा पेला तसाच ठेवून उठली.

काही दिवसांनी, दुखणं कामामुळं झालं का ह्या चौकशीला सरकारी साहेब आले. धाकट्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. आत धाकटा उशांना टेकून बसला होता, आडवं झालं की त्याला श्वास पुरत नव्हता. साहेबांनी शेजाऱ्यांना एकेक करून विचारलं, हा माणूस सिगारेट ओढायचा का? कुणाच्या मनात खोट नव्हती. सगळ्यांनी आपल्याला ठाऊक होतं ते सांगितलं.

"ओढायचा तर," समोरची म्हातारी म्हणाली. "चोरून ओढायचा. मागच्या वाटेनं यायचा ना घरी."

शेजारच्या चकतीवरचा त्याचा जोडीदार मान खाजवत म्हणाला, "मी डोळ्यांनी नाही बघितलं, साहेब. पण त्याच्या खिशात राख सापडली होती. सगळ्या कारखान्यासमोर. सख्ख्या बहिणीनंच काढली."

अक्का पुढं झाली. "साहेब, ती राख नव्हती. दगडाची भुकटी होती. मला दिसत होतं. मी थट्टा केली."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, मी पण बघितलंय तुमचं नाटक. फार हसलो होतो. पण तुम्ही थट्टा तेव्हा केलीत की आत्ता करताय, हे मी कसं ओळखायचं?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. भावजय दोन्ही मुलींना पोटाशी धरून दारात उभी होती. ती अक्काकडे बघतही नव्हती. बघून शिव्या दिल्या असत्या तर अक्काला बरं वाटलं असतं.

आतून धाकट्याचा आवाज आला, तुटक, धापेतून. "जाऊ दे, अक्का. साहेबांना चहा दे."

तिनं चहा केला. साहेब तो पिऊन गेले. पुढं त्यांनी निकाल लिहून पाठवला, की दुखणं कामामुळंच झालं असं म्हणता येत नाही.

निकाल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला अक्का कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. भोंगा नाही, पडदा नाही. माणसं तिला बघून थांबली. चेहरे खुलले. पुढच्यांनी मागच्यांना हाका मारल्या, "या रे, अक्का आलीय!"

"माझ्या भावाच्या खिशात राख नव्हती," ती म्हणाली. "तुमच्या खिशात आहे तेच होतं. तेच तुमच्या छातीत जातंय. पाणी सोडून कापू द्या म्हणावं मालकाला. तोवर तोंडाला ओला रुमाल बांधा. सिगारेट सोडा, ते खरंच आहे. पण न ओढणाराही मरतोय. माझा मरतोय."

लोक हसायच्या तयारीत उभे होते. आता टोपीतून काय काढते, बुटातून काय काढते, याची वाट बघत होते. ती रडायला लागली तेव्हा दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

शेड झाडणारी एक तरुण बाई पुढं आली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "अक्का, ह्या खेपेला हे कुणाकडून आहे? खर्च कोण करतंय?"

"कुणी नाही गं. मीच आलेय."

बाई जरा ओशाळली. "तसं नाही, म्हणजे आधीचं ते कारखान्याचं होतं, मोठ्या माणसांचं. विचार करूनच केलं असेल ना त्यांनी. तुमच्या मागं कुणीच नाही, मग हे खरं कशावरून धरायचं?"

अक्कानं पदरानं डोळे पुसले. हेच तिनं शेजारणींना शिकवलं होतं, नळावर उभं राहून, मान ताठ करून. "तुझ्या भावाच्या छातीवर कान ठेवून बघ," ती म्हणाली. "त्याला खर्च येत नाही."

बाई निघून गेली. गर्दीही पांगली. काहीजण जाता जाता म्हणाले, आजचं काही जमलं नाही. अक्का दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, आणि त्यानंतरही जात राहिली. मास्तरनं दुकान बंद करून येताना कधी कधी तिच्याशेजारी उभं राहायला सुरुवात केली. तो काही बोलायचा नाही, नुसता रुमाल भिजवून तोंडाला बांधून दाखवायचा. काही बायकांनी रुमाल बांधले. पाणी कुणी सोडलं नाही.

धाकटा त्या वर्षी थंडी सरता सरता, एका बुधवारी सकाळी वारला. शेजारच्या चकतीवरचा त्याचा जोडीदार पुढच्या वर्षी पावसाळ्यात वारला.