जोडीदाराचा रकाना

मी खेमराज, गोंदियातल्या एका सरकारी कचेरीतला वरिष्ठ लिपिक. तेहेतीस वर्षांत रिकाम्या रकान्याची एकही फाइल मी माझ्या टेबलावरून पुढे जाऊ दिली नाही. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

या डिसेंबरच्या एकतीसला मी निवृत्त होणार. त्याआधी कचेरीनं आम्हा निवृत्त होणाऱ्यांचं शिबिर ठेवलं, एक शुक्रवार आणि नंतरचा सोमवार. शिकवायला नागपूरहून दामिनी मॅडम आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी फळ्यावर एक चाक काढलं आणि त्याचे आठ भाग केले. तब्येत, काम, पैसा, मुलं, जोडीदार, शेजार, आवड आणि मन. प्रत्येक भागात आपण किती समाधानी आहोत, त्याचे दहापैकी गुण द्यायचे. काहीच समाधान नसेल तर एक, पुरतं असेल तर दहा.

"कुठे कमी पडलं ते दिसलं, की निवृत्तीनंतर तिकडे लक्ष देता येतं," मॅडम म्हणाल्या.

"अठ्ठावन्न वर्षं गाडी काय चाकाशिवाय चालली?" मी शेजारच्या गुलाबचंदच्या कानात म्हणालो. तो माझ्याच कचेरीतला, पण सुट्टी काढून शेती करणारा माणूस. तो नुसता हसला.

तरी कागद समोर आला की भरायचा, हा माझा स्वभाव. तब्येतीला सहा, कारण साखर आहे. कामाला नऊ. आवडीला तीन, कारण आवड अशी काही सापडेना. जोडीदाराच्या रकान्यात मी विचारसुद्धा केला नाही, सरळ दहा. अनुसयाबाईनं बत्तीस वर्षांत कधी आवाज चढवला नाही. मी गोंदियाजवळ फुलचूरला खोली घेऊन राहायचो, ती सौंदडजवळच्या आमच्या गावी. माझे आईवडील तिनं शेवटपर्यंत पाहिले, शेत तिनं केलं, आमच्या मुलीचं, हर्षाचं लग्न तिनं जमवलं. याला दहा द्यायचे नाहीत तर कशाला द्यायचे?

मॅडमनी तसाच दुसरा कागद घरी नेण्यासाठी दिला. तो जोडीदारानं भरायचा होता.

शनिवारी संध्याकाळी मी गावी गेलो, नेहमीसारखी धुण्याची पिशवी घेऊन. कागद अनुसयाबाईसमोर ठेवला आणि गुण कसे द्यायचे ते समजावलं. सातवी शिकलेली बाई, तिला दोनदा सांगावं लागलं नाही. रविवारी दुपारी तिनं तो चार घड्या घालून माझ्या हाती दिला. "आता नोको पाहू," म्हणाली. मी नियमाचा माणूस, नाही पाहिला.

सोमवारी पहाटेच्या गाडीत मात्र उघडला. शेजाराला दहा, 'काम' म्हणजे तिनं शेती धरली होती, त्याला नऊ. मुलांना आठ. आवडीला चक्क नऊ! हिला कसली आवड आहे, हे मला ठाऊक नव्हतं. आणि जोडीदाराच्या रकान्यात आकडा नव्हताच. तिथे ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'लाभ'.

माझा ऊर भरून आला. बाईला माझ्यासाठी आकडा पुरला नाही! तिनं मला लाभ म्हटलं. इतक्या वर्षांत मी तिला कधी गोड शब्द बोललो नाही, आणि तिनं हा एक शब्द लिहून ठेवला.

शिबिरात मी तो कागद उभा राहून वाचून दाखवला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. गुलाबचंदनं तेवढ्या नाही वाजवल्या.

चहाच्या वेळी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "खेमराजजी, आखरी बार धान कब मापा आपने?"

"मी कशाला मोजू? घरची मोजते."

"मंग पहिल्या पायलीले वहिनी काय म्हनते?"

आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. लाभ, दोन, तीन, चार. बरकत यावी म्हणून. माझे वडील खळ्यावर असेच मोजायचे. लहानपणी शंभरदा ऐकलेलं मी साफ विसरलो होतो.

दहापैकी एक. आणि मी ते टाळ्या घेत वाचलं होतं.

मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग पुन्हा राग आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दुपारची गाडी धरली. सोमवारी मी गावी आलो, असं कधीच घडलं नव्हतं.

अनुसयाबाई अंगणात उन्हाळी धानाचं बियाणं मोजत होती. इटियाडोह धरणाचं पाणी यंदा मिळणार होतं. मला पाहून तिनं पायली खाली ठेवली.

"अजी, तब्येत बरी हाये ना? आज काऊन आले?"

मी कागद पुढे धरला. "हे लाभ म्हणजे एक?"

"होय."

"काऊन?"

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "शनिवारी मळके कपडे आनले, सोमवारी धुतलेले नेले. बत्तीस वर्षं तुमी हेच करून राहिले. मी भजन मंडळात पेटी वाजवतो, हे मालूम हाये तुमाले?"

नव्हतं मालूम. आवडीचे नऊ गुण ते होते. माझ्या घरात पेटी होती आणि मला माहीत नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायलाही जमलं नाही.

"मग सरळ एक लिहायचा होता," मी म्हणालो. "मी सगळ्यांसमोर वाचलं ते."

"एक कसा लिवू नवऱ्याले?" ती म्हणाली. "एक म्हटलं का तेथंच अडते. लाभ म्हटलं तं फुडं वाढते."

मी चप्पल काढली आणि तिच्यासमोर बसलो. तिनं पायली माझ्याकडे सरकवली. मी ती भरली. अर्धं धान बाहेर सांडलं.

"लाभ," मी म्हणालो आणि पोत्यात ओतलं. पुन्हा भरली, या वेळी नीट, हातानं वर सारखी करून. "दोन."

"धानाचं म्हना," अनुसयाबाई सांडलेलं धान गोळा करत म्हणाली. "कागदावरचं दोन मी म्हनीन. माह्या मनात येईन तवा."