श्वासाची जागा काढलेला झगा

मी झगा बोलतोय. लाल मखमलीचा, मागे जमिनीवर घोळ लोळवणारा. काचेआड उभं राहून माणसांची बोलणी ऐकण्यात माझी हयात गेली, तेव्हा आज थोडं मलाही बोलू द्या.

माझा जन्म रोममधल्या एका शिवणघरात झाला. युद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती आणि चांगली मखमल औषधालाही मिळत नव्हती. सिनेमा कंपनीने आधी जांभळं कापड पाठवलं, तर मला शिवणाऱ्या झेलिंदाने त्याला हातसुद्धा लावला नाही. ऑपेरावाल्यांना जांभळा रंग म्हणजे साक्षात अवदसा. गाणाऱ्या बाईच्या अंगावर हे चढवण्यापेक्षा मी दुकान बंद करीन, असा तिने निरोप धाडला. मग कुठूनशी माझी मखमल आली. सिनेमा काळा-पांढरा होता, त्यात लाल काय नि जांभळं काय सारखंच दिसलं असतं, पण हे झेलिंदाला कोण सांगणार.

मी एर्सिलियासाठी बेतला गेलो. एर्सिलिया ऑपेरात गायची. खांदे रुंद, जबडा मोठा, नाक जरा पुढे आलेलं. पण गायला लागली की शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा खोकला गिळायचा. तिचं नाट्यगृह बॉम्बहल्ल्यात पडलं होतं आणि काम मिळेनासं झालं होतं.

झेलिंदा माप घेताना तिला म्हणाली, "पोट आत ओढू नका, बाई. मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा. मला माप त्याचं हवंय." मग तिने माझ्या दोन्ही बगलांखाली आणि पाठीत एकेक चुणी दडवली. बाईने श्वास घेतला की ती उघडायची, सोडला की मिटायची. झेलिंदा तिला श्वासाची जागा म्हणायची. बघणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नसे.

या मापाच्या वेळीच मला एर्सिलियाच्या मनातलं कळलं. तिचा बाप ओरेस्ते काराराच्या संगमरवराच्या खाणीत कामाला होता. सुरुंगांनी त्याचे कान घेतले तेव्हा ती पाळण्यात होती. पोरीचं गाणं त्याने कधी ऐकलंच नाही. एकदा तिने त्याला नाट्यगृहात नेलं, पण लांबून त्याला ठिपक्याएवढी बाई दिसली आणि तो झोपून गेला.

"पडद्यावर माझा चेहरा भिंतीएवढा दिसेल, झेलिंदा," ती म्हणाली. "बाबा एकदा तरी मला गाताना बघतील." सिनेमाकडून तिला दुसरं काही नको होतं, आणि घरी जाऊन तिने बापाला तसं सांगूनही टाकलं होतं.

पण सिनेमाची तऱ्हा वेगळी. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं, मग ते वाजवून कॅमेऱ्यापुढे नुसते ओठ हलवायचे. एर्सिलियाला ते जमेना. तबकडी वाजायला लागली की ती खरंच गायची. तोंड भट्टीसारखं उघडायचं, मानेच्या शिरा फुगायच्या, घामाचे ओघळ यायचे. दिग्दर्शक सज्जन होता. त्याने तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की गळा तिचाच हवा, चेहरा मात्र दुसरा बघावा लागेल.

दुसरा चेहरा नीवेसचा. बेकरीवाल्याची पोर, सुरांशी सात जन्मांचं वैर, पण कॅमेरा तिच्यावर खुळावला होता. करार झाला. त्यात अट होती की आवाज कोणाचा हे एर्सिलियाने कोणाला म्हणजे कोणालाही सांगायचं नाही. काम तर हवंच होतं. तिने सही केली.

झेलिंदाने माझी शिवण उसवली, श्वासाची जागा कापून काढली आणि मला नीवेसच्या कमरेवर आवळून बसवलं. पोर वाईट नव्हती. एकदा सेटवर एर्सिलियाला म्हणाली, "ताई, या झग्यात मला धड जांभई देता येत नाही. बायका गातात तरी कशा?" एर्सिलिया हसली आणि कुठला शब्द कुठे तोडायचा ते तिला दाखवत राहिली.

बापाला मात्र तिने काही कळवलं नाही. आज सांगते, उद्या सांगते असं करता करता सिनेमा तयार झाला आणि बापाच्या गावी, कारारामध्ये लागला. गर्दी खेचायला कंपनीने मला तिथल्या थिएटरच्या दारात काचेत उभं केलं. ओरेस्ते लग्नातला काळा कोट घालून, निम्मी खाण मागे घेऊन आला. रोमहून आलेली एर्सिलिया त्याचा हात धरून होती. मला बघून त्याने काचेवर टकटक केली आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "हा माझ्या पोरीचा झगा." ती खाली बघत राहिली. मला काचेतल्या काचेत विरघळून जावंसं वाटलं.

सिनेमा सुरू झाला. दाराआडून तिचा आवाज येत होता आणि तिकीटवाली बाई डोळे पुसत होती. मध्येच दार उघडून ओरेस्ते बाहेर आला. मागोमाग एर्सिलिया, कंपनीचा माणूस आणि खाणीतले दोघं-तिघं.

"ती बाई गात नाहीये," ओरेस्ते म्हणाला.

खाणीतले हसले. "तुला तोफ ऐकू येत नाही, आणि गाणं तू आम्हाला शिकवणार होय रे?"

"तुम्ही कानाने बघताय," त्यांच्या ओठांवरून ओळखून तो म्हणाला. "मी डोळ्याने बघतोय. बरगडी हलत नाही तिची. दोर ओढणारा गडीसुद्धा श्वास घेतो. ती घेतच नाही." मग तो लेकीकडे वळला. "आणि तू पडद्यावर कुठं आहेस? मी केव्हाचा शोधतोय. तू कुठंच नाहीस."

कंपनीचा माणूस तिच्या कानाशी लागला, "म्हाताऱ्याला आवरा, बाई. करार ठाऊक आहे ना?"

एर्सिलियाने बापाचे खांदे धरून त्याला दिव्याच्या उजेडात उभं केलं आणि लोकांकडे पाठ केली. आत तिचंच शेवटचं गाणं सुरू होत होतं. तिने तोंड उघडलं. आवाज काढला नाही. आतल्या आवाजाबरोबर ती अख्खं गाणं म्हणाली, श्वास भरून, शिरा ताणून, जबडा पुरता उघडून, घशातून एक सूर न काढता. लोकांना तिची पाठ दिसत होती. ओरेस्ते तिच्या गळ्याकडे बघत होता, मग बरगड्यांकडे, मग पुन्हा गळ्याकडे. मी त्याच्या मागेच होतो, म्हणून मलाही दिसलं.

गाणं संपलं. आत टाळ्या पडल्या त्या नीवेससाठी.

"अशी गातेस होय," ओरेस्ते म्हणाला. त्याला इतक्या हळू बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. तो पुन्हा आत गेला नाही. दोघं चालत घरी गेली.

पुढच्या थंडीत तो वारला. एर्सिलियाने आणखी बऱ्याच सिनेमांना आवाज दिला. दर वेळी चेहरा निराळा, अट तीच. मग एक दिवस आवाजही गेला. एवढी वर्षं सिनेमात काढून पडद्यावर तिची सावलीसुद्धा नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मी रोमच्या एका संग्रहालयात आहे. कसरीने बाही खाल्ली आहे. पायाशी नीवेसच्या नावाची पाटी आहे, आणि येणारा जाणारा माझी बारीक कंबर बघून हळहळतो. हळहळू देत बापडे. पण तो जुना सिनेमा कुठे लागला, तर माझ्यासाठी एवढं करा: गाणं सुरू झालं की डोळे मिटून घ्या. एर्सिलिया तिथे भेटेल. तिच्या बापाला डोळे मिटून भागण्यासारखं नव्हतं.