ताईंच्या कादंबरीचा आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, एका कारखान्यात निळा कोट घातलेल्या बाईंनी माझे बारीक स्क्रू आवळले आणि मी बोलू लागलो. पहिली काही वर्षं दुकानाच्या काचेमागेच गेली. मग एका मुद्रितशोधकाने मला विकत घेतलं. तो छापखान्यात लोकांच्या चुका सुधारायचा आणि घरी कथा लिहितो असं सांगायचा. बोलताना मध्येच थांबायची त्याला सवय, म्हणून मित्रमंडळी त्याला ‘स्वल्पविराम’ म्हणत.

त्याने मला ताईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. ताई म्हणजे त्याच्या ओळखीच्या एक कादंबरीकार. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि कादंबरी अकराव्या प्रकरणात अडकली होती.

“तुम्ही नुसतं बोला ताई. मी, ते, उतरवून घेईन.”

“बोलून भांडणं होतात, कादंबरी कुठली व्हायला!” ताई म्हणाल्या. पण बोलू लागल्या.

दर मंगळवारी तो आधीची पानं वाचून दाखवायचा आणि मग मी नवा मजकूर टिपायचो. एकदा वाचताना ताईंनी त्याला थांबवलं.

“हे वाक्य माझं नाही.”

त्याचे कान लाल झाले. त्याने फीत मागे फिरवली. दूरदेशी निघालेल्या मुलाला ताईंच्या कादंबरीतली आई एवढंच म्हणत होती, “जेवून जा.” त्याने लिहिलं होतं, “तुझी फार आठवण येईल रे.”

“जरा भावपूर्ण केलं,” तो पुटपुटला. “चुकलंच माझं.”

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “तुमची स्वतःची कथा कुठे आहे?”

संपादकांनी त्याचा कथासंग्रह परत पाठवल्यापासून, तीन वर्षांत, त्याने एक ओळही लिहिली नव्हती. हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं.

“मग पुढच्या मंगळवारी तुमचं पान आधी. नाहीतर मी तोंड उघडणार नाही.”

पुढच्या मंगळवारी तो रिकाम्या हाताने आला. ताई खरंच गप्प बसल्या. माझ्यातल्या फितीची पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू कोरीच फिरली. मित्रांनो, कादंबरी संपेपर्यंत आपण राहू की नाही, याची धास्ती असलेली बाई गप्प बसली होती!

त्यानंतरच्या मंगळवारी तो अर्धं पान घेऊन आला. ताईंनी ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, “शेवटच्या दोन ओळी काढा. बाकी सोनं आहे.”

दोघांची पुस्तकं एका वर्षाच्या अंतराने निघाली. त्याच्या पुस्तकाची छपाईआधीची मुद्रितं ताईंनी डाव्या हातात भिंग धरून तपासली. सात चुका सापडल्या. “आणि म्हणे मुद्रितशोधक!” असं म्हणून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

पुढे ताई डाव्या हाताने लिहायला शिकल्या आणि मी कपाटात गेलो. आता माझा पट्टा सैल झाला आहे, बटणं अडकतात. मला दुरुस्त केलंत तर बरंच वाटेल. पण त्याआधी एक करा. लिहिता लिहिता थांबलेला एखादा मित्र तुम्हालाही असेल. त्याच्याकडे जा. त्याचे शब्द बदलू नका. तो बोलेपर्यंत शेजारी बसा.