टीव्हीखाली गेलेली आठ वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवायची, लोखंडी पायांची आणि, खोटं कशाला बोलू, थोडी तोंडाळ. दुकानात माझ्यासारख्या दहा जणी ओळीने उभ्या होत्या. मला घ्यायला आलेल्या बाईने माझं चाक तीनदा फिरवलं, कान लावून आवाज ऐकला आणि मगच "हीच द्या" म्हटलं.

तिला सगळी गल्ली ताई म्हणायची. ती शाळेचे गणवेश शिवायची. झग्याच्या खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायची, म्हणजे पोर वाढलं की शिवण उसवून तोच झगा पुढेही चालायचा. मुलांच्या आया खूश. "ताईंच्या हाताला तोड नाही," असं कुणी म्हटलं की मीच उगीच फुगायचे.

तिचा नवरा फरशी बसवणारा कारागीर होता. इथे काम मिळेनासं झालं तेव्हा तो परदेशी गेला. जाताना दोघांचं ठरलं होतं. त्याने पैसे पाठवायचे, हिने शिवायचं आणि बाजारात दुकानापुरती एक खोली घेतली की त्याने कायमचं परत यायचं. मला तेल घालताना ताई हे कितीदा तरी बोलून दाखवायची. मला तो बेत अगदी पक्का वाटला होता.

पैसे येऊ लागले आणि घराला बरे दिवस आले, हे मी नाकारणार नाही. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. गळकं छप्पर जाऊन पक्कं छत आलं. ताईची मुलगी छकी चांगल्या शाळेत जाऊ लागली. तिसऱ्या वर्षी त्याच शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "सगळ्या शाळेचे गणवेश तुम्हीच शिवा." एवढं काम मिळालं की खोली हातात येणार होती, आणि खोली आली की माणूस घरी येणार होता. ताईने लगेच फोन लावला.

"अहो, ऐकलंत का? आता या तुम्ही परत!"

तो म्हणाला, "नको घेऊस ते काम."

"का हो?"

"आम्ही आठ जण राहतो एका खोलीत. एकाची तरी बायको लोकांचे कपडे शिवते का? म्हणतील, याच्या कमाईचं काही खरं नाही, बायकोला राबवतो. अगं, मी कशासाठी मरतोय इथे? तू आता आरामात बस."

"पण आपलं दुकान..."

"बघू पुढे."

सासूबाईंनीही त्याचीच री ओढली. "बरोबर बोलतोय तो. लोकांची मापं घेत बसणं आता शोभतं का आपल्याला?" कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. म्हणून तर ताईला भांडता आलं नाही.

मला घडी घालून टेबलाच्या पोटात ढकललं, वर झाकण लावलं आणि झाकणावर त्याने पाठवलेला टीव्ही ठेवला. मला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. आठ वर्षं गेली. वर मालिका रंगायच्या आणि खाली मी गंजत होते. फार राग यायचा मला. ताई समोर बोटं एकमेकांत गुंतवून बसायची. फोनवर विचारायची, "कधी येताय?" तो म्हणायचा, "आलो तर घर कशावर चालेल?" आणि खरंच, घर चालवणारं दुसरं काही उरलंच नव्हतं.

मग एक दिवस तो आला. फरशीवर टेकून टेकून त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते आणि मालकाने तिकीट हातात देऊन त्याला वाटेला लावलं होतं. छकी त्याला पाहुण्याला म्हणावं तसं "बसा" म्हणाली. आठवड्याने त्याने स्वतःच टीव्ही बाजूला केला आणि मला वर काढलं.

"चालेल का गं?"

ताईने तेल घातलं, नवा पट्टा चढवला, जपून पायडल मारलं. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. पण आतून मी पार जाम झाले होते. दुरुस्तीवाला म्हणाला, "हिचे पार्ट आता मिळत नाहीत." नवी मशीन आणून तरी काय उपयोग होता? गणवेश केव्हाच दुकानात तयार मिळू लागले होते, ताईकडे कापड घेऊन येणारं कुणी राहिलं नव्हतं.

छकीचं शिक्षण अर्धं होतं, सासूबाईंची औषधं चालू होती. शेवटी ताईच परदेशी गेली, कपड्यांच्या कारखान्यात. दारात गाडी उभी असताना तो म्हणाला, "इथे मी तुला शिवू दिलं नाही."

"आता बोलून काय होणार? गुडघ्यांना शेक घेत जा."

तिकडे ती दिवसभर फक्त खिसे लावते. सबंध सदरा तिच्या दृष्टीसही पडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी दुरून पैसे येत असतील तर त्यामागचे कष्ट विसरू नका. पण त्या पैशांच्या भरवशावर घरातल्या कुणाचे चालते हात थांबवू नका. निदान आधी त्या माणसाला विचारा. आमच्या घरात ते कुणी केलं नाही.

आज भंगारवाला आला आहे. छकीने आईला फोन लावला. "आई, मशीन देऊन टाकू?"

ताई म्हणाली, "बाबांना विचार."

बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि भंगारवाल्याला आत यायची खूण केली.