नरडाण्याला जायची गाडी

नथ्थूनानांनी फवारणी पंपाची नळी गाडीच्या उघड्या बोनेटमध्ये रोखली, तेवढ्यात त्यांच्या सुनेने, डिंपलने, मागून येऊन पंपच बंद केला.

"नाना, याच पंपानं त्यायनं एकदा इंजिन धुतलं होतं. मंग किती दिवस गाडी हालली नव्हती, आठवते ना?"

नाना ओशाळून हसले. घाई त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. ज्या पंपाने केळीचा बाग धुऊन निघतो, त्याने वीतभर इंजिन का निघू नये, हा सावद्याच्या केळीवाल्यांचा सरळ हिशेब, आणि त्या हिशेबाने गावातल्या निम्म्या गाड्या कधी ना कधी बंद पडलेल्या. लेकाने केलेली चूक बापाच्या हातून पुन्हा होणार होती, याचं नानांना उलट बरंच वाटलं. स्वप्नील क्षणभर जवळ उभा असल्यासारखा वाटून गेला.

स्वप्नील डेंग्यूच्या तापाने गेला, त्याला दीड वर्ष होत आलं. तेव्हापासून त्याची गाडी पत्र्याखाली उभी होती. इंजिनावर तेल आणि धूळ मिळून काळा थर बसला होता, फटींमध्ये केळीचा वाळका पाला अडकला होता, उंदरांनी कुठून कुठून कापूस आणून संसार मांडला होता. लांब जायचं तर इंजिन तापणार आणि तापलं की हा कचरा पेटायला वेळ लागणार नाही. उद्या याच गाडीने पार नरडाण्याला जायचं होतं.

नरडाण्याला डिंपलचा गंधर्व होता. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला इकडे गंधर्वच म्हणतात. योगराज तिथल्या कारखान्यात नोकरीला, त्याचीही पहिली बायको वारलेली. स्थळ नानांनीच शोधलं होतं. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आत्याला अशीच दिली होती, पण पहाटेच्या अंधारात, मागच्या दाराने, कुणी तोंड पाहू नये म्हणून. डिंपल दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने, घरच्या गाडीत बसून जाईल, असं नानांनी भाऊबंदांना तोंडावर सांगितलं. गाडीही तिलाच देऊन टाकायची, हे त्यांनी स्वतःशी पक्कं केलं होतं आणि घरात बोलूनही दाखवलं होतं.

सुनंदाबाईंनी या कशालाच नाही म्हटलं नाही. मात्र सुपारी फुटली त्या दिवसापासून त्यांनी सुनेशी बोलणंच टाकलं. आताही त्या ओट्यावर गाडीकडे पाठ करून लसूण सोलत बसल्या होत्या. एवढ्या लसणाची घरात गरज नव्हती.

डिंपलला आईवडील नव्हते. काकाने लग्न लावून दिलं आणि हात झटकले. माहेर म्हणावं तर तिला हेच घर होतं, आणि सासूच्या अशा पाठमोऱ्या बसण्यातून ते हातचं निसटत होतं. सकाळी ती नानांना म्हणाली होती की आई बोलल्या नाहीत तर आपला पाय उंबऱ्याबाहेर पडणार नाही. नाना बायकोशी बोलायला गेले आणि चहा पिऊन परत आले.

मग दोघांनी कामाला हात घातला. इंजिन गार आहे ना, हे डिंपलने पालथ्या हाताने पाहिलं. नानांनी पान्ह्याने बॅटरीची काळी वायर सोडवून बाजूला केली. पाणी जिथे जाता कामा नये तिथे काय बांधावं, यावर ते विचार करत राहिले, तोवर ती केळीच्या घडांना घालायच्या पिशव्या घेऊन आली. डायनामोवर एक, फ्यूजच्या डब्यावर एक, एअर फिल्टरच्या तोंडाला एक, अशा तिने सुतळीने घट्ट आवळून बांधल्या. घडाला पिशवी घालायला तिला नानांनीच शिकवलं होतं.

पाला हाताने वेचला. उंदरांचा कापूस निघाला. भांड्याच्या साबणाचं पाणी करून तिने ब्रशने थर सैल केला आणि नानांनी ओल्या फडक्याने पुसून घेतला. बॅटरीच्या मागे हात घालताना नानांच्या हाताला कडक झालेलं काहीतरी लागलं. स्वप्नीलचं जुनं बनियन होतं, पुसायला कोंबून ठेवलेलं. नानांना ते धरवेना आणि टाकवेना. डिंपलने ते त्यांच्या हातातून घेतलं आणि घडी घालून ओट्याच्या कडेला ठेवलं. सुनंदाबाईंचा लसूण सोलणारा हात थांबला. त्या वळल्या नाहीत.

ऊन भरपूर होतं. बोनेट उघडं ठेवून सगळं खडखडीत वाळू दिलं, पिशव्या सोडल्या, वायर जोडली. नानांनी किल्ली फिरवली. गाडी दोनदा कुरकुरली आणि सुरू झाली.

ज्याच्यासाठी दुपारभर राबलो ते झालं, आणि आता नानांच्या ध्यानात आलं. गाडी सुरू झाली म्हणजे उद्या पोर जाणार. आपणच शोधलेलं स्थळ, आपणच धरलेला हट्ट, तरी त्यांना वाटून गेलं की आज ही सुरू झाली नसती तर बरं होतं. त्यांनी गाडी बंद केली आणि आतच बसून राहिले.

सुनंदाबाई ओट्यावरून उतरल्या आणि गाडीच्या खिडकीशी आल्या.

"ही गाडी तिकडं ठेवून यायची नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आपल्या दारात पाह्यजे."

डिंपलने मान खाली घातली. नानांना बायकोचा राग आला. एवढ्याशा लोखंडात हिचा जीव अडकावा, तोही आज, याची त्यांना लाज वाटली. तिला दिली म्हणजे दिली, असं ते जरा चढ्या आवाजातच म्हणाले.

"द्या ना, सोनं द्या, काही बी द्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "पन आखाजीच्या सनाले समद्यायच्या लेकी माहेरी येतीन. आपल्या लेकीले आनाले तुमी काय एस्टीनं जाल?"

डिंपल मोठ्याने रडायला लागली. हात कोपरापर्यंत काळे होते, त्यामुळे तिला डोळेही पुसता येईनात. सुनंदाबाईंनी पदर पुढे केला आणि तिचं तोंड पुसलं, नाकसुद्धा, लहान पोरीचं पुसतात तसं.