पंपापर्यंतची सोबत

लेक माहेरातून निघाली की तिची ओटी भरायची ती बाईनं. खण, नारळ, ओंजळभर गहू. बाप्या माणसाचं त्यात काही काम नसतं. त्यानं दारात उभं राहून 'सांभाळून जाय' म्हणावं, की संपलं. दर्यापूरच्या खुशालरावांना हे कधी पटलं नाही. म्हणून दामिनीनं गाडी घेतली तेव्हापासून त्यांनी आपला वेगळाच कुळाचार सुरू केला. लीलाबाईंनी आत लेकीची ओटी भरली, की हे बाहेर गाडीत जाऊन बसायचे. गावाबाहेरच्या पंपावर टाकी फुल करायची, तीही प्रीमियम पेट्रोलनं, आणि मग ऑटोनं घरी परतायचं.

"साधं टाकू नोको, भाऊ," ते पंपवाल्याला बजावायचे. "पोरीले अकोल्याले जायाचं हाय. प्रीमियमनं गाडीत जोर येते, ॲव्हरेजही वाढते."

घरी खुशालराव मोजकंच बोलत. बायको, मुलगा अंकुर, सून, आलंगेलं. त्या गलक्यात त्यांचा आवाज कोणी ऐकलाच तर नवल. पण पंपापर्यंतच्या दहा मिनिटांत, समोर रस्ता आणि शेजारी लेक असली, की त्यांना वाचा फुटायची. अंकुरशी शेतावरून झालेली बोलाचाली, गुडघ्याचं दुखणं, सगळं तिथंच निघायचं. एकदा तर "तुह्या लग्नाची म्या घाई केली, बाई," हेसुद्धा ते तिथंच बोलले होते.

दामिनी अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि मास्तरकीची सवय अशी, की चूक दिसली की हात शिवशिवतात. तिनं दोन टाक्या प्रीमियमच्या चालवल्या, दोन साध्याच्या, रस्ता रोजचाच. ॲव्हरेज दोन्हीचं सारखं, सतराच्या आसपास. ओढही तेवढीच. बरं, कळलं तर गप्प बसावं! पण बाईंनी दिवाळीत, भरल्या घरात, वही उघडली.

"बाबा, या इंजिनले त्याची गरजच नाही. तुमी उगाच टाकून राहिले."

अंकुर खो खो हसला. "बाबानं इतके दिवस गाडीले बदामाचं दूध पाजलं!"

खुशालरावांनी चष्मा लावला, वही नाकाजवळ धरली आणि आकडे दोनदा वाचले. माणूस मानी, पण आकड्यांशी भांडणारा नव्हे.

"बरोबर हाय तुहं," ते म्हणाले. "साधं तं तू कोठंही भरशील. मंग म्या कायले येऊ?"

त्या खेपेला त्यांनी दारातूनच निरोप दिला. दामिनीला वाटलं, बरं झालं, बाबांची ऑटोची दगदग वाचली. आपण जिंकलो याचा आनंदही झाला होता, खोटं कशाला बोला. संक्रांत गेली, होळी गेली. दर वेळी ती एकटीच पंपावरून पुढं गेली.

मे महिन्यात खुशालराव घराच्याच पायरीवर पाय चुकून पडले. चालताना उजव्या अंगाचं काही दिसत नाही, हे तेव्हा घरच्यांच्या ध्यानात आलं. दामिनी त्यांना अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. काचबिंदू निघाला. उजवा डोळा गेला होता, तो परत येणार नव्हता. डावा औषधावर जपायचा. सहा-सात महिने आधी आणलं असतं तर उजवाही बराचसा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

गाडीत बसल्यावर दामिनीला राहवलं नाही.

"कधीपासून कमी दिसत होतं, बाबा?"

"दिवाळीच्या थोडं आधीपासून."

"मंग मले काहून नाही सांगितलं?" ती जवळजवळ ओरडलीच. राग त्यांचा होता की स्वतःचा, तिचं तिलाच कळेना.

खुशालराव चिडले असते तरी तिला बरं वाटलं असतं. ते नेहमीसारखे शांतपणे बोलले.

"सांगनार होतो, बाई. घरी सांगतलं असतं तं तुही माय रडत बसली असती. म्हटलं, तू जायाच्या दिवशी, पंपावर जाता जाता सांगू. पन त्या दिवसापासून म्या गाडीत बसलोच नाही."