मशीन तुझं, आवाज माझा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्या कडीचा रंग उडाला आहे, डाव्या कोपऱ्याला तडा गेला आहे आणि कॅसेटचे झाकण उघडताना मी म्हाताऱ्या गुडघ्यासारखा कुरकुरतो. माझ्यासारखे आता कुणी बनवत नाही. पण एका जानेवारीत तीन दिवस असे आले, की एका मुलीचे पुढचे शिक्षण माझ्याजवळच्या दोन कॅसेटींवर येऊन थांबले होते. ते तीन दिवस मी विसरलेलो नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. बोटीने मी इंग्लंडला आलो. तेथे ॲपलबीच्या घोडेबाजारात जेथ्रो पेनफोल्ड नावाच्या रोमनी, म्हणजे तांड्याने फिरणाऱ्या भटक्या जमातीतल्या, माणसाने एक नवाकोरा लगाम देऊन मला घेतले. बायकोच्या मांडीवर मला ठेवत तो म्हणाला, "घे जेंटी, आता तुझ्या शिव्यासुद्धा जपून ठेवता येतील!"

ते माझे सुखाचे दिवस होते. केंटच्या सफरचंदांच्या बागांतून आमचा तांडा फिरायचा. संध्याकाळी शेकोटीजवळ मला मधोमध ठेवत. कुणी गाणे म्हणे, कुणी घोड्याची नक्कल करी, आणि स्वतःचाच आवाज परत ऐकून मोठी माणसेही लाजत. मला कुणी उचलायचे, यावरून मुलांची भांडणे होत.

मग जेथ्रो गेला. रोमनी लोकांत माणूस गेला, की त्याच्या वस्तू मागे ठेवत नाहीत. जे त्याचे, ते त्याच्याबरोबर जाते. त्याची खुर्ची, कोट, खोगीर, सारे आगीत पडताना मी पाहिले. मी जेंटीला दिलेला होतो, म्हणून वाचलो. त्यानंतर मात्र मला कुणी हात लावला नाही. तिच्या कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, बाकाखाली, चादरींच्या मागे, माझी वीस-बावीस वर्षे गेली.

मला तेथून बाहेर काढले ते जेंटीच्या नातीने, मिझेलीने. ही जेंटीच्या लेकीची, डेलेनाची, मुलगी. घरातली बाकीची मुले बाराव्या-तेराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागली, ही टिकली. तिला शाळेत धरून ठेवले ते काही पत्रांनी. पेनफोल्ड कुटुंबाने स्वतःची जमीन घेतली होती, पण तिच्यावर राहायची परवानगी नाही म्हणून तिथल्या नगरपालिकेची, कौन्सिलची, पत्रे येत. मोठ्यांना नीट वाचता येत नसे. नऊ वर्षांची मिझेली ती पत्रे मोठ्याने वाची आणि आजी प्रत्येक ओळीला विचारी, "म्हणजे काय?" चार वर्षे हे चालले. शेवटी परवानगी मिळाली, पण "म्हणजे काय?" हा प्रश्न त्या मुलीच्या डोक्यातून गेला नाही.

सतराव्या वर्षी तिने घरात सांगितले, की तिला लंडनच्या विद्यापीठात अर्ज करायचा आहे. विषय दोन, पण पदवी एक. मानवशास्त्र आणि कायदा.

तिचा मामा नेल्सन, घरातला थोरला, चहाचा कप खाली ठेवून हसला. "मानवशास्त्रवाले म्हणजे ते वही घेऊन यायचे, ते ना? आपल्या बायका भांडी कुठल्या टोपात धुतात ते मोजायचे. आणि कायदेवाले आपल्याला हाकलायचे. एक मोजणार, एक हाकलणार, आणि आमची पोरगी दोन्ही होणार! अगं, दोन घरचा पाहुणा उपाशी."

"उपाशी राहीन, पण मोजेन मी," मिझेली म्हणाली. "आजवर दुसऱ्यांनी मोजलं म्हणून तर चुकीचं मोजलं."

"बोलायला बरी आहे."

"तुझ्यावर गेलीय," कोपऱ्यातून जेंटी म्हणाली, आणि मामाने पुन्हा कप उचलला.

अर्जाबरोबर स्वतःबद्दल चार हजार अक्षरांचे निवेदन लिहायचे असते. हेच विषय का, हे त्यातून दिसावे लागते. मिझेलीला आजीच्या गोष्टी हव्या होत्या. तिने फोन पुढे धरला तर आजीने तो परतवला. "त्यात नको. त्यातलं गावभर होतं. बाकाखाली तुझ्या आजोबांचं ते खोकं असेल बघ."

अशा रीतीने बॅटऱ्या घालून मी पुन्हा जिवंत झालो. नाताळापूर्वीच्या त्या दुपारी जेंटी माझ्यासमोर बसून बोलत राहिली. आडवाटेला तंबू टाकला असताना पोलिसांनी पहाटे उठवले आणि तिच्या आईला गाडीतच कळा सुरू झाल्या, ते तिने सांगितले. दोन घरांचे भांडण झाले तर कुणाला बोलवायचे, कुणाचे आधी ऐकायचे, आणि शिक्षा म्हणून कुणी कुणाबरोबर चहा प्यायचा नाही, तेही सांगितले. दोन कॅसेटी भरल्या. शेवटी ती थांबली आणि म्हणाली, "हे मशीन तुझं, पोरी. आजपासून दिलं. पण आवाज माझा. मी गेले, की माझं माझ्याबरोबर."

मिझेली हसून म्हणाली, "एवढ्यात कुठे जातेस?"

जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी जेंटी उठलीच नाही.

अर्जाची मुदत महिनाअखेरच्या बुधवारी संध्याकाळी सहाला संपत होती. अंत्यविधी ठरला मंगळवारी. सोमवारी मिझेली मला पिशवीत घालून कॉलेजात गेली. तिच्या निवेदनात आजीची तीन वाक्ये होती, आणि तिच्या शिक्षिका, हॉवर्थबाई, त्या वाक्यांवर खूश होत्या.

"कॅसेटी पुन्हा ऐकून आणखी काही घे," त्या म्हणाल्या. "आणि आधी याची प्रत कर. हे मशीन कधी बंद पडेल, सांगता येत नाही. असं साहित्य पुन्हा मिळत नाही, मिझेली."

त्यांना घरचे काही ठाऊक नव्हते. मिझेलीने सांगितलेही नाही. तिने माझ्या कानात तार खुपसली, दुसरे टोक कॉम्प्युटरला जोडले आणि हेडफोन न लावताच बटण दाबले. जेंटीचा आवाज माझ्यातून निघून निमूटपणे दुसरीकडे जात राहिला. दीड तास ती मुलगी दाराकडे पाठ करून बसली होती. कुणी आले, की तिचा हात तारेवर जाई. शेवटी बोटाएवढी एक पेनड्राइव्ह तिने कोटाच्या आतल्या खिशात टाकली. मित्रांनो, मी इतकी वर्षे आवाज सांभाळले, पण चोरीचा माल वाहतो आहोत असे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.

मंगळवारी लांबलांबून माणसे आली. फुलांचा बनवलेला एक पुरुषभर उंचीचा घोडा शवपेटीपुढे होता. दफन उरकून दुपारी सगळे पेनफोल्डांच्या जागेवर परतले. मागच्या कुंपणापाशी आग पेटली. जेंटीचा पलंग गेला. कपडे गेले. सोनेरी कडांच्या बशा डेलेनाने एकेक करून दगडावर फोडल्या. मग नेल्सन कॅरॅव्हॅनमधून मला आणि कॅसेटी घेऊन बाहेर आला.

"हे राहिलं."

"मामा, ते आजीचं नाही," मिझेली पुढे आली. "माझं आहे."

"आई गेली आणि वस्तू तुझी झाली?"

"नाताळाआधी दिली. जिवंतपणी जे दिलं, ते गेलेल्याचं राहत नाही. आपलाच नियम आहे ना? आजोबांनी आजीला दिलं होतं, म्हणून त्या वेळी हे वाचलं."

माणसे जवळ सरकली. नेल्सनने विचारले, "देताना कोण होतं?"

"आम्ही दोघीच."

"म्हणजे साक्षीदार नाही."

"आहे. तिनं दिलं ते यातच बोललीय. बटण दाबलं, की ऐकू येईल."

आगीत काहीतरी फुटले. डेलेनाने दोन्ही हात कानांवर ठेवले. आईला पुरून दोन तासही झाले नव्हते, आणि तिचाच आवाज आता खोक्यातून निघणार होता. मिझेलीने मला मामाच्या हातून घेतले, कॅसेट बसवली आणि बोट बटणावर ठेवले. खोटे कशाला सांगू, मला वाटत होते, दाब. दाबलेस तर मी वाचेन. आगीची धग माझ्या पत्र्यापर्यंत येत होती.

तिने आईकडे पाहिले आणि बोट काढून घेतले.

"नाही. आईला हे ऐकवणार नाही मी. जाळायचं तर जाळा."

नेल्सनने माझ्याकडे आणि मग तिच्याकडे पाहिले. मग म्हणाला, "पुरावा हातात असून जी दाखवत नाही, ती खोटं बोलत नसावी. मशीन तुझं." तो वळला आणि पुन्हा थांबला. "आणखी काही म्हणाली होती?"

जेंटीच्या त्या शेवटच्या बोलण्याचा उत्तरार्ध सगळ्या जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होता. मला बोलता येत नव्हते. तिला गप्प बसता आले असते.

"म्हणाली," मिझेली आगीकडे बघत उत्तरली, "मशीन तुझं, आवाज माझा. मी गेले, की माझं माझ्याबरोबर."

"मग?"

तिने माझे झाकण उघडले, कॅसेट काढली, दुसरी तिच्यावर ठेवली आणि दोन्ही आगीत टाकल्या. प्लॅस्टिक वितळून काळा धूर निघाला. मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण पेनड्राइव्ह तिच्या खिशात होती, आणि तो हात तिला निखाऱ्यासारखा लागला असेल, हे मीच जाणत होतो.

बुधवारी ती कॉलेजात पोचली तेव्हा पाच वाजायला आले होते. तिने मला टेबलावर ठेवले, पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावली आणि नुसती बसून राहिली. हॉवर्थबाई कोट घालून तयार होत्या. शिफारस त्यांनी लिहून ठेवली होती. मिझेलीने "झालं" म्हणायचे, आणि त्यांनी अर्ज पुढे पाठवायचा.

"निवेदन उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "आता बदलू नकोस."

"मॅडम, ही तीन वाक्यं काढायचीत."

"तीच तर जीव आहेत! ती काढलीस तर उरतं काय?"

"मी उरते."

घड्याळात सव्वापाच झाले होते. मिझेलीने त्यांना कालचे सगळे सांगितले. पेनड्राइव्हचेही. सांगताना ती रडली नाही. हॉवर्थबाई कोटासकट खुर्चीत बसल्या.

"मीच तुला प्रत करायला सांगितली."

"तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

मग तिने पेनड्राइव्हवरचे सारे पुसले. खरोखर पुसायचे का, असे कॉम्प्युटरने तिला विचारले. हो म्हणायला तिला किती वेळ लागला, ते सांगत नाही. कॅसेटी जाळताना चारचौघे होते. येथे घरचे कुणी बघायला नव्हते, आणि हेच जास्त अवघड होते.

पाच पंचवीस. आजीची वाक्ये गेली आणि निवेदनाला मोठे भोक पडले. ती टाइप करू लागली. लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. आमच्या घरात एक नियम आहे आणि बाहेर एक कायदा आहे, दोन्ही मला आपले वाटतात, आणि या आठवड्यात मी त्यांतला एक मोडला, असे तिने लिहिले. एक आवाज माझ्याकडे होता, तो मी परत केला, पण आधी चोरला, हेही लिहिले. चोरी कुणाची, मालकी कुणाची, परवानगी कुणी द्यायची, हे मला शिकायचे आहे, कारण काल एका आगीपुढे मला याचे अर्धेच उत्तर देता आले.

पावणेसहाला अक्षरे दोनशेने जास्त भरली. सहाला दहा कमी असताना ती मर्यादेत बसली. सफाई कामगार दिवे घालवत आमच्या खोलीपर्यंत आला तेव्हा हॉवर्थबाई ओरडल्या, "दोन मिनिटं, भाऊ!" कॉम्प्युटर अडकला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. पाच सत्तावन्नला अर्ज गेला.

मार्चपर्यंत काही कळले नाही. मिझेली टपाल येण्याच्या वेळेला घराबाहेर पडे, जणू पाठ फिरवली तर पत्र लवकर येणार होते. पत्र आले ते फोनवर. परीक्षेत ठरावीक गुण मिळाले तर जागा पक्की, असे त्यात होते. ऑगस्टमध्ये गुण मिळाले. डेलेनाने त्या दिवशी खारवलेल्या मांसाचे बेकन पुडिंग केले आणि ते करताना दोनदा मीठ घातले. आजीचा आवाज पुन्हा ऐकू येणार नाही याचे मिझेलीला वाईट वाटते का, असे तिने विचारले. "रोज," मिझेली म्हणाली.

लंडनला निघायच्या आदल्या सकाळी नेल्सन दारात येऊन उभा राहिला. पायाने गवत टोकरत म्हणाला, "या खोक्याच्या कॅसेटी अजून मिळतात का गं?"

"मिळतात. का?"

"मलाही पुष्कळ आठवतं. आई एकटीच शहाणी नव्हती."

मिझेलीने लगेच बटण दाबले नाही. आधी कागद घेतला आणि अटी लिहिल्या. कुणी ऐकायचे, कुणी नाही, पुढे काय करायचे. मग मामाला एकेक ओळ वाचून दाखवली आणि प्रत्येक ओळीनंतर तो म्हणाला, "म्हणजे काय?" एक अट त्याने बदलून घेतली. मेल्यावर जाळायचे ते ठीक. पण जिवंतपणी त्याचे मन बदलले, तर त्याच दिवशी पुसायचे. आणि खोकला आला तेवढा वगळायचा.

"खोकल्याचं लिहायची गरज नाही, मामा."

"लिही. वकिलावर विश्वास ठेवू नये."

त्याने कागदावर आपले नाव सावकाश उमटवले. मग ती दोघे माझ्यासमोर बसली आणि तिने लाल बटण दाबले.

मित्रांनो, तुमच्या हातात आज माझ्याहून किती तरी हुशार यंत्रे आहेत. ती न विचारता ऐकतात, न विचारता जपतात. तुमच्या घरातली म्हातारी माणसे बोलत असतील, तर त्यांच्याजवळ बसा, त्यांचे ऐका. पण बटण दाबण्यापूर्वी त्यांना विचारा. त्यांनी हो म्हटले, तर तो आवाज तुमच्याकडे ठेवायला दिलेला आहे, एवढे लक्षात असू द्या. आणि परत मागतील तेव्हा मुकाट्याने परत करा, जवळ कुणी पाहत नसले तरीसुद्धा.